पुन्हा दाराशी येणारं माणूस

२०२० च्या एप्रिलमध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडीत पलीकडच्या पाड्यांवरची लेकरं दिसेनाशी झाली. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातलं हे गाव नर्मदेच्या काठावर आहे, आणि अलिगाट, दादर या पाड्यांना पाण्यावरून जावं लागतं. एरवी तिथल्या आया मुलांना होडीतून घेऊन यायच्या, वजन करून, पोषण आहार घेऊन परत जायच्या. करोनाच्या धास्तीनं त्यांनी येणं बंद केलं. अंगणवाडी सेविका रेलू वसावे तेव्हा २७ वर्षांच्या होत्या, दोन लहान मुलांच्या आई. पोहणं आणि होडी वल्हवणं त्यांना लहानपणापासून येत होतं. त्यांनी एका मच्छीमाराकडून छोटी होडी मागून घेतली, तिच्यात वजनकाटा आणि आहार ठेवला आणि निघाल्या. दुपारपर्यंत अंगणवाडी, जेवण झालं की होडी, आणि घरी परतायला संध्याकाळ. वल्हवायचं अंतर १८ किलोमीटर. आठवड्यातले पाच दिवस. पलीकडे सुमारे २५ तान्ही आणि कुपोषित बाळं होती, ७ गरोदर बाया होत्या.

या परिसरात होडीशिवाय गत्यंतर का नाही, हेही सांगायला हवं. सरदार सरोवराच्या पाण्यानं महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, त्यांतलंच हे एक. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला भरलं. करोना आला तो त्यानंतर सहा महिन्यांतच.

रेलूताईंची बातमी देशभर गेली, सत्कार झाले. ते योग्यच झालं. पण संकटात सापडलेल्या कुटुंबाच्या बाजूनं पाहिलं तर या हकिगतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट अठरा किलोमीटरच्या आकड्यात सापडत नाही. ती बाई आज आली आणि ठरल्या दिवशी परत आली. पहिल्या दिवशी काठावर उभ्या असलेल्या आईला हायसं वाटलं असेल. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर मात्र तिच्या मनात आणखी काही रुजलं असणार: आपल्याला कुणी विसरलेलं नाही. घरावर घाला पडल्यावर सगळ्यांत आधी हाच भरवसा जातो, आणि परतही तो असाच, फेरीफेरीनं येतो.

घरातलं कर्तं माणूस जाणं, आजारपणात होतं-नव्हतं ते विकलं जाणं, ऊसतोडीला गेलेल्या ठिकाणी अपघात होणं, लेकराला सिकलसेल असल्याचं कळणं. नंदुरबार जिल्ह्यात यांतलं एकही संकट नवलाचं नाही. अशा वेळी नात्यातली माणसं असतात, पण त्यांचीही ऐपत संपलेली असते किंवा तीही त्याच दुःखात बुडालेली असतात. मग हात येतो तो अनोळखी माणसाचा. दवाखान्याच्या ओसरीवर शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बहीण आपल्या डब्यातली भाकरी पुढे करते. एस.टी.चा कंडक्टर सुट्ट्या पैशांचा हिशोब सोडून देतो. हा हात कसा घ्यायचा आणि आपण कुणासाठी तो हात झालो तर कसं वागायचं, याबद्दल थोडं.

खान्देशात मयताच्या घरी भेटायला जाण्याला 'दारावर जाणं' म्हणतात. पहिले दहा-बारा दिवस दारावर माणसांची रीघ असते. चहाची आधणं शेजारणी ठेवतात, भाकऱ्या दुसऱ्या घरून येतात. मग उत्तरकार्य होतं, गंधमुक्ती होते, मांडव निघतो, पाहुणे दुपारच्या गाडीनं जातात. त्या संध्याकाळी घर रिकामं होतं. खरा एकटेपणा तिथून सुरू होतो, आणि नेमकं तेव्हाच दारावर कुणी नसतं. ज्याला खरोखर मदत करायची आहे त्यानं गर्दीच्या दिवसांत पाच मिनिटं बसून उठावं आणि आपला वेळ पंधराव्या, विसाव्या, चाळिसाव्या दिवसासाठी राखून ठेवावा.

जाताना 'काही लागलं तर सांगा' असं म्हणू नये. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण हे ऐकून आजवर फारसं कुणी काही मागितलेलं नाही. दुःखात असलेल्या माणसाला काय लागतंय हे शोधण्याइतकंही बळ नसतं, आणि मागायचं म्हटलं की जीभ अडते. त्यापेक्षा, 'मावशी, मी शुक्रवारी गिरणीत जाणार आहे, तुमचं दळणही नेतो,' हे वाक्य कितीतरी उपयोगी. त्यात वार आहे, काम आहे, आणि नकार द्यायची सोयही आहे. आणि शुक्रवार म्हटलं तर शुक्रवारीच जावं. जमणार नसेल तर तसा निरोप तरी धाडावा. खचलेल्या घरात न पाळलेला शब्द दुप्पट लागतो.

वार ठरवून मदत करण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पोटभर जेवण मिळायचंच, शिवाय त्या दिवशी त्या घरात आपलं पान मांडलेलं असणार याची खात्री असायची. शोकाच्या घरासाठी शेजारच्या चार-पाच बायांनी असे वार वाटून घेतले तर एकीवर भार पडत नाही आणि चूलही थंड राहत नाही.

आता दुसरी बाजू, घेणाऱ्याची. ही जास्त अवघड आहे.

'आजवर कुणापुढे हात पसरला नाही' हे वाक्य आपल्याकडे अभिमानानं उच्चारलं जातं आणि त्या अभिमानाचा मान राखायलाच हवा. पण सातपुड्यातल्या भिल, पावरा वस्त्यांमध्ये 'लाहा' नावाची रीत आहे, तिच्याकडे एकदा पाहावं. एखाद्याला घर बांधायचं असतं किंवा शेतातलं काम एकट्याला उरकणारं नसतं, तेव्हा तो पाड्याला बोलावतो. माणसं येतात, राबतात, मजुरी घेत नाहीत. घरधनी त्यांना जेवू घालतो आणि त्यांची पाळी आली की आपण जातो. बोलावणाऱ्याला त्यात कमीपणा वाटत नाही, कारण मदत ही फिरती गोष्ट आहे हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. दुःखातल्या कुटुंबानं आलेल्या मदतीकडे अशा नजरेनं पाहिलं तर घशात अडकलेला घास खाली उतरतो. फेडायची घाई करू नये. दळण आणून देणाऱ्या पोराला दोन महिन्यांनी कुणाच्या तरी दारी धाडता येईल, तेही फेडणंच.

घेताना एक साधा उपाय करावा. वहीच्या पानावर घरातली अडलेली कामं लिहून ठेवावीत: रेशन आणणं, गॅसचा नंबर लावणं, मुलाला शाळेत सोडणं, विहिरीवरची मोटार दुरुस्त करणं, तहसीलला सोबत जाणं. कुणी आलं आणि 'काय करू?' म्हणालं की ते पान पुढे करावं. बोलावं लागत नाही आणि आलेल्यालाही मोकळ्या हातानं जावं लागत नाही.

परक्याचा चांगुलपणा सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो कागदपत्रांत, आणि याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. शोक करायला डोकं लागत नाही, कागदाला लागतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करावी लागते, आणि पुढचं सगळं त्या दाखल्यावर अवलंबून असतं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातलं १८ ते ५९ वयाचं कमावतं माणूस गेलं तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. निराधार विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा १५०० रुपये मिळू शकतात. या दोन्हींचे अर्ज तहसील कार्यालयात. आई किंवा बाप गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, तिची रक्कम २०२३ मध्ये वाढून दरमहा २२५० रुपये झाली, त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालय गाठावं.

आणि गेलेल्या माणसाचं बँकेचं पासबुक एकदा नीट वाचावं. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापले गेले असतील तर तो जीवनज्योती विमा आहे, २० रुपये कापले असतील तर सुरक्षा विमा. पहिल्यात कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी वारसाला २ लाख मिळतात, दुसऱ्यात अपघाती मृत्यू झाला तर २ लाख. खातं उघडताना कुठल्या कागदावर अंगठा दिला हे घरच्यांना ठाऊक नसतं आणि दावा करायचा राहून जातो. पाड्यावरच्या बाईचं पासबुक वाचून देणारा, तिच्यासोबत बँकेत उभा राहणारा कॉलेजातला मुलगा हा तिच्यासाठी त्या आठवड्यात देवमाणूस असतो. हे काम कुणालाही करता येतं. पैसे लागत नाहीत, एक सकाळ लागते.

डॉ. राजेंद्र भारूड यांचं उदाहरण इथं आठवतं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं सामोडे हे त्यांचं गाव, भिल्ल कुटुंब. ते पोटात असतानाच वडील गेले. आई झोपडीत मोहाची दारू विकून घर चालवायची. प्यायला येणारी माणसं या पोराला चणे-फुटाणे आणायला पिटाळायची आणि चार पैसे हातावर ठेवायची, त्या पैशांतून तो वह्या-पुस्तकं घ्यायचा. अभ्यास करताना हिणवणारेही भेटले. शिकून हा काय डॉक्टर होणार की इंजिनिअर, असं कुणीतरी म्हणालंच. पण त्याच सुमारास गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकांनी आईला सांगितलं की हे पोरगं हुशार आहे, याला मोठ्या शाळेत घाला. मग प्रवेश मिळाला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात. घरापासून दीडशे किलोमीटर, राहणं आणि शिकणं मोफत. निरोप घेताना मायलेक दोघं रडले. पुढे मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले, मग आय.ए.एस. झाले, आणि करोनाच्या काळात नंदुरबारचे जिल्हाधिकारी होते. पहिल्या लाटेतच, सप्टेंबर २०२० मध्ये, त्यांनी इथं ऑक्सिजननिर्मितीचा पहिला प्रकल्प उभारला. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठमोठ्या शहरांत ऑक्सिजनसाठी धावाधाव चालू असताना या आदिवासी जिल्ह्यात तो पुरत होता, आणि शेजारच्या गुजरात, मध्य प्रदेशातूनही रुग्ण इथल्या खाटांवर येत होते.

त्यांच्या यशाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. 'मी एक स्वप्न पाहिलं' हे त्यांचं पुस्तकही पुष्कळांनी वाचलं आहे. इथं त्यातला एवढाच धागा धरायचा आहे: आईपाशी जाऊन तिच्या मुलाबद्दल चार शब्द बोलायला त्या शिक्षकांना किती वेळ लागला असेल? बाप गेलेल्या घरात मुलांकडे बोट दाखवून 'यांचं आता कसं होणार' असं सगळेच म्हणतात. तिथं कुणीतरी जाऊन मुलाचा एखादा गुण आईला नाव घेऊन सांगावा. आई-मूल दोघांनाही पुढचा रस्ता दिसायला लागतो. दहावी-बारावीतल्या मुलाची परीक्षा सुतकात आली तर त्याला सेंटरवर नेऊन सोडणं हेही त्यातलंच.

आता श्रद्धेविषयी. दुःखात देव आठवतो असं म्हणतात, पण पुष्कळदा नेमकं उलटं होतं. देव्हाऱ्यातला दिवा लावायलाही मन घेत नाही. अशा वेळी 'देवाची मर्जी', 'त्याचं आयुष्यच तेवढं होतं' असली वाक्यं जखमेवर मीठ चोळतात, ती टाळावीत. दिवा लावण्याची सक्ती करू नये. शेजारणीनं स्वतःच्या घरी दिवा लावताना 'तुमच्यासाठीही लावला' एवढं सांगितलं तरी पुरतं.

नंदुरबार जिल्ह्याच्या मातीतच श्रद्धा आणि माणसाची माणसाला मदत एकत्र नांदत आली आहेत. गेल्या शतकात १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे संत गुलाम महाराज आदिवासींना दारू सोडा, स्वच्छ राहा असं सांगत. दर आठवड्याला आरतीसाठी हजारो माणसं जमायची आणि एकमेकांना 'आप' म्हणून हाक मारायची. ज्यांना आयुष्यभर सगळ्यांनी अरे-तुरेच केलं, त्यांना अनोळखी माणसानं आदरानं हाक मारावी, यात किती मोठा दिलासा असेल! 'आपकी जय' हा जयघोष आजही त्या परंपरेत ऐकू येतो. सातपुड्याची याहा मोगी माता तर दुष्काळात धान्य देऊन माणसं जगवणारी. महाशिवरात्रीला गुजरातच्या हद्दीतल्या देवमोगऱ्याला या जिल्ह्यातून भाविक जातात ते नव्या पिकाचा वाटा टोपलीत घेऊन. आणि प्रकाशाला, तापीच्या काठी, ज्याला लोक दक्षिण काशी म्हणतात, घाटावर विधीसाठी आलेली दोन अनोळखी कुटुंबं एकमेकांची बोचकी सांभाळतात, पाण्याचा तांब्या पुढे करतात, कोण गेलं म्हणून विचारतात. परक्यापाशी रडायला कधीकधी सोपं जातं. त्याला आपलं मागचं-पुढचं काही माहीत नसतं, आणि आपल्याला त्याच्यासमोर धीराचं नाटक करावं लागत नाही. असा माणूस भेटला तर बोलून घ्यावं.

पण प्रत्येक परका भला नसतो, आणि दुःखातलं घर लुबाडायला सोपं असतं. ओळख साधी आहे. जो पैसे आधी मागतो, मोबाइलवर आलेला नंबर विचारतो, कोऱ्या कागदावर सही घेतो, दवाखान्याची औषधं बंद करायला सांगतो, त्याला दारातूनच परत पाठवावं. सर्वांत घातक तो, जो आजारपणाला किंवा मृत्यूला जबाबदार म्हणून एखाद्या बाईचं नाव घेतो. सातपुड्यात डाकीण ठरवून बायांचे हाल झालेले आहेत, आणि त्याविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते काम करत आले आहेत. २०१३ पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. पोलिसांत तक्रार करता येते. ज्याच्या येण्यानं घरात दुसऱ्या कुणाविषयी संशय शिरतो, त्याच्याजवळ दिलासा नाही.

काही वेळा माणसांची सोबतही अपुरी पडते. झोप येत नाही, अन्न जात नाही, महिना-दोन महिने होऊनही माणूस कोपऱ्यातून उठत नाही किंवा 'आता जगून काय करू' असं पुन्हापुन्हा बोलतो. ते बोलणं मनावर घ्यावं. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध हाताशी असतं, ते आधी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवावं. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. या तारेच्या दुसऱ्या टोकालाही अनोळखी माणूसच असतो, शिकलेला आणि ऐकून घ्यायला बसलेला. तातडीला ११२ आणि १०८, मुलांसाठी १०९८, बायांसाठी १८१. हे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दाराजवळच्या भिंतीवर चिकटवावेत. रेंज नसलेल्या पाड्यावर आशाताई किंवा अंगणवाडी ताईला निरोप पोचवावा.

ज्यांना कुणासाठी तरी काही करायचं आहे त्यांनी आजच घरातलं कालनिर्णय उघडावं आणि त्या कुटुंबाच्या तारखांवर खूण करावी. महिना, तीन महिने, वर्षश्राद्ध. मुलाचा वाढदिवस. शाळा उघडण्याचा दिवस, म्हणजे वह्या-दप्तराचा खर्च. आणि पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात, आणि त्याच दिवशी पितरांची घागर भरली जाते. मागच्या आखाजीला जो माणूस झोका बांधत होता त्याच्या नावाची घागर या वर्षी भरायची असते. त्या घरात त्या दिवशी तळण होत नाही. सकाळी दहाच्या आत तिथं पोचावं, घागर भरताना बाजूला उभं राहावं, चार सांजोऱ्या डब्यात घालून नेलेल्या असाव्यात. उठताना पुढचा वार सांगून यावा.